बाण टेकताच रंग बदलणारा दुवा

वेबपानावरच्या दुव्यावर माउसचा बाण नेला, की दुव्याचा रंग बदलतो आणि इथे क्लिक करता येईल हे कळते. ही साधी सोय घडायला बरीच खटपट करावी लागली.

मे 1995 मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्टचे पहिले रूप दहा दिवसांत तयार केले. नेटस्केपच्या दुसऱ्या आवृत्तीत बाण दुव्यावर आल्याचे या भाषेला समजे, गेल्याचे समजत नसे! खिडकीच्या तळपट्टीत एखादे वाक्य दाखवण्यापलीकडे फारसे काही करताही येत नसे. 1996 च्या तिसऱ्या आवृत्तीत बाण गेल्याचेही कळू लागले आणि पानावरचे चित्र बदलता येऊ लागले. मग लोकांनी दुव्याचे शब्दच चित्र म्हणून काढले, एक निळे आणि एक लाल. बाण आला की लाल, गेला की पुन्हा निळे.

याची किंमत मोजून पाहू. सेकंदाला 28,800 बिट आणणारा मोडेम म्हणजे सेकंदाला 3,600 बाइट. लाल चित्र 5,400 बाइटांचे असेल, तर ते यायला दीड सेकंद. तोवर बाण पुढे गेलेला! म्हणून ही चित्रे आधीच मागवून ठेवावी लागत. दुसरा दोष आम्हाला अधिक गंभीर वाटतो. चित्राबरोबर पर्यायी मजकूर दिला नसेल, तर अंध वाचकाला पान वाचून दाखवणारी प्रणाली तिथे मुकी होते.

पानाचे रूप सांगणाऱ्या सीएसएस या भाषेच्या डिसेंबर 1996 च्या पहिल्या मानकात न पाहिलेला, पाहिलेला आणि दाबलेला दुवा होता. बाण टेकलेला दुवा ‘हॉवर’ या नावाने मे 1998 च्या दुसऱ्या मानकात आला. जावास्क्रिप्टला ‘आला तर हे कर, गेला तर ते कर’ असे दोन हुकूम द्यावे लागतात. सीएसएसला ‘बाण असताना लाल’ एवढे वर्णन पुरते.

तरी 2001 चा इंटरनेट एक्सप्लोरर 6 हे वर्णन फक्त दुव्यांनाच लावी, यादीतल्या ओळींना नाही. म्हणून उघडणाऱ्या मेनूंसाठी दोन्ही भाषांची जोडी जमवली गेली: बाण आला की जावास्क्रिप्टने त्या ओळीला एक खूणनाव द्यायचे आणि त्या नावाचे रूप सीएसएसमध्ये लिहायचे. 2006 च्या सातव्या आवृत्तीने ही गरज संपवली.

पुढच्याच वर्षी आयफोन आला. बोट पडद्याला लागते किंवा लागत नाही. त्याला नुसते वर तरंगता येत नाही. हॉवरमागे दडवलेले मेनू तिथे पुन्हा नव्याने मांडावे लागले.