चौलच्या बंदरात लुडो उतरला होता का?

मागच्या वेळी आपण चौल बंदरावर बोललो, तेव्हा अगदी शेवटी एक प्रश्न आला होता. "रोमन लोकांचा माल आपल्या किनाऱ्यावर येत होता, मग लुडोही तिकडूनच आला का? नाव तर लॅटिन आहे." वेळ संपली होती, उत्तर राहून गेलं. आज ते देऊ. प्रश्न खेळाचा दिसतो, पण त्यात इतिहासाचा मोठा मुद्दा आहे. दोन गोष्टी सारख्या दिसल्या आणि मध्ये व्यापाराची वाट होती, एवढ्यावरून एकीतून दुसरी निघाली असं म्हणता येतं का?

आधी वाट बघू. तिच्याबद्दल शंका नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये कल्याणच्या दक्षिणेला सेमिल्ला आणि मंदगोरा ही बंदरं येतात. सेमिल्ला म्हणजे आपलं चौल. कान्हेरीच्या शिलालेखांत ते 'चेमुल' म्हणून भेटतं. मंदगोरा म्हणजे कुडा लेण्यांजवळचं मांदाड, असं काही अभ्यासक मानतात. घारापुरीत रोमन मद्यकुंभांची खापरं सापडली आहेत. आणि प्लिनी तर तक्रारच करतो, की हिंदुस्थान दरवर्षी रोमचे ५ कोटी सेस्टर्स ओढून घेतो. म्हणजे येणंजाणं होतं, आणि चांगलं भरभक्कम होतं.

आता रोमन माणूस खेळायचा काय? त्यांचा एक आवडता खेळ म्हणजे 'लुडुस दुओदेसिम स्क्रिप्तोरुम', बारा रेघांचा खेळ. पटावर १२-१२ घरांच्या तीन ओळी, ३ फासे, आणि प्रत्येकाच्या १५ सोंगट्या शर्यतीनं पुढे न्यायच्या. काही पटांवर घरांऐवजी सहा अक्षरांचे सहा शब्दच कोरलेले असत. ६ गुणिले ६, झाली ३६ घरं! सम्राट क्लॉडियसला फाशांचं इतकं वेड, की त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं होतं, असं सुएटोनियस सांगतो. पुढे यातूनच 'ताबुला' हा खेळ आला. पाचव्या शतकातल्या झेनो सम्राटाला त्यात २, ५ आणि ६ असं दान पडलं आणि जिंकत आलेला डाव हातचा गेला. सोंगट्या जोडीनं सुरक्षित, एकट्या पडल्या की मार. आपल्याकडे सारीपाट खेळलेल्या कोणालाही झेनोचं दुःख लगेच कळेल.

इथेच मोह होतो. शर्यत तीच, सोंगटी मारणं तेच, फासे तेच. मग आला असेल जहाजातून!

पण जरा थांबून एकेक वस्तू हातात घेऊन बघू. पहिला फासा. आपल्याकडे फासा रोमन जहाजांच्या कितीतरी आधी होता. ऋग्वेदाच्या अक्षसूक्तात बेहड्याच्या फळांचे फासे आहेत. मोहेंजोदडोला सहा बाजूंचे ठोकळ्यासारखे फासे सापडलेत, त्यांत १ च्या समोर २, ३ च्या समोर ४ आणि ५ च्या समोर ६ अशी मांडणी दिसते. रोमन फाशात बहुतेक वेळा समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७ येते. आणि सारीपाटाचा आपला फासा लांबट, चार बाजूंचा, हस्तिदंताचा किंवा हाडाचा. पचिशीत तर फासेही नाहीत, कवड्या. त्या मालदीवकडून यायच्या, म्हणजे त्यांचीही वाट समुद्राचीच, पण ती रोमला जात नव्हती.

दुसरा पट. रोमन पट सरळ ओळींचा, आपला चार हातांचा, फुलीसारखा. या फुलीच्या पटाचं नेमकं वर्णन अबुल फजलच्या 'ऐन-ई-अकबरी'त मिळतं, म्हणजे सोळाव्या शतकात. वेरूळच्या २१ व्या लेण्यात शिव-पार्वती फासे खेळताना कोरलेत, त्यामुळे खेळ जुना हे नक्की. पण चौलला रोमन माल उतरत होता तो काळ आणि हा चौपटाचा लेखी पुरावा, यांत दीड हजार वर्षांचं अंतर आहे. ते नुसत्या कल्पनेनं भरून काढायचं नसतं.

मग लुडोचं काय? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये आल्फ्रेड कॉलियर यांनी लुडोचं पेटंट घेतलं. पट आपल्या पचिशीचा, सोपा केलेला. लांबट फासे आणि कवड्या गेल्या, त्यांच्या जागी ठोकळ्याचा फासा आला. घरातला लुडोचा फासा उचलून बघा, समोरासमोरची बेरीज ७ येईल. नाव लॅटिन ठेवलं, 'लुडो', म्हणजे 'मी खेळतो'. तेव्हा रोमशी असलेलं नातं हे असं आहे. मधल्या वाटेवर चौल नाही, लंडन आहे. आपलाच सारीपाट लॅटिन नाव लावून खोक्यातून परत आला आणि आपण त्याला पाहुणा समजलो.

यात आपलं खरं नुकसान काय झालं, तेही बोलायला हवं. नाणेघाटात आणि नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडावर कोरलेले खेळांचे पट नोंदले गेले आहेत. असे पट कोकणातल्या लेण्यांच्या ओट्यांवर, किल्ल्यांच्या पायऱ्यांवरही दिसू शकतात. कुडा लेण्यात दान देणाऱ्यानं आपलं नाव कोरून ठेवलं, पट कोरणाऱ्यानं ठेवलं नाही. लेणं दोन हजार वर्षांचं म्हणून पटही तेवढाच जुना, असं म्हणू नका. तो शंभर वर्षांपूर्वीच्या गुराख्यानंही कोरलेला असू शकतो. असा पट दिसला तर खडू, तेल, रंग काही लावू नका. बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढा, जागा लिहून ठेवा.

दगड तरी काही वर्षं टिकेल. नियम टिकत नाहीत, ते माणसाबरोबर जातात. कोजागरीला अक्षक्रीडा करावी असं जुने ग्रंथ सांगतात, दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात, पण फासे टाकायचे कसे हे सांगणारं घरात आता कोण आहे? असेल, तर आज घरी गेल्यावर त्यांना विचारा. कवड्या किती घ्यायच्या, किती उताण्या पडल्या तर काय दान, फुलीवरची सोंगटी मारता येते का, सोंगटी घरात शिरते कधी. दोन गावांचे नियम वेगळे निघाले तर दोन्ही लिहा, एकाला चूक ठरवू नका. पुढच्या वेळी वही घेऊन या, आपण मिळून वाचू.