भंडाऱ्याची पोटनिवडणूक

वैनगंगा भंडाऱ्याहून पवनीवरून दक्षिणेस उतरते, आणि पुढे आरमोरी व ब्रह्मपुरीच्या मधून वाहताना आजच्या गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांची सीमा बनते. धानाची शेती, गावोगावचे तलाव आणि दाट अरण्ये हे या साऱ्या मुलखाचे समान वैभव होय. याच मुलखात, वैनगंगेच्या वरच्या काठी, १९५४ च्या मे महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेच्या पोटनिवडणुकीत पराभूत झाले. आणि याच मुलखात, चांदा शहरी, अवघ्या अडीच वर्षांनी त्यांच्या एका शब्दासरशी प्रचंड जनसमुदायाने आपला पिढीजात धर्म सोडला. ज्याच्यासाठी माणसे धर्म बदलावयास सिद्ध होती, त्याला मतपेटीने का नाकारले? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे एका विलक्षण निवडणूकपद्धतीचा इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो.

सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिल व इतर मतभेदांमुळे डॉ. आंबेडकरांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्यानंतर आलेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते मुंबईतून उभे राहिले आणि काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांच्याकडून सुमारे १५ हजार मतांनी पराभूत झाले. तो मतदारसंघ दोन जागांचा होता: एक सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदारास दोन मते असत. मात्र दोन्ही मते एकाच उमेदवारास देता येत नसत. त्या निवडणुकीत ७० हजारांहून अधिक मते वाया गेली. लोकांना मते वाया घालविण्यास शिकविले गेले, अशी तक्रार डॉ. आंबेडकर व समाजवादी नेते अशोक मेहता यांनी निवडणूक अर्जाद्वारे केली; पण तो अर्ज फेटाळला गेला. पुढे मुंबई राज्यातून डॉ. आंबेडकर राज्यसभेत गेले, तथापि लोकांनी थेट निवडून दिलेल्या सभागृहात बसण्याची इच्छा शिल्लक राहिली.

तेव्हा भंडारा आणि चांदा हे दोन्ही जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात मोडत. भंडाऱ्याचा मतदारसंघही दोन जागांचाच होता. राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे डॉ. आंबेडकर आणि काँग्रेसतर्फे भाऊराव बोरकर उभे राहिले. सर्वसाधारण जागेसाठी प्रजासमाजवादी पक्षाने अशोक मेहता यांना उभे केले, आणि फेडरेशनने त्यांना पाठिंबा दिला. एकमेकांच्या अनुयायांची दुसरी मते एकमेकांस मिळावीत, असा हा सरळ हिशेब होता.

प्रचारात एक कसोटीचा प्रसंग आला. दुसरे मत अन्य कोणास देण्यापेक्षा ते वाया घालविले तर आपल्या नेत्याचा विजय सुकर होईल, अशी सूचना काही कार्यकर्त्यांनी केली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. ज्याने राज्यघटनेचा मसुदा घडविला, त्याने मतदाराला त्याचे मत फेकून देण्यास सांगावे, हे त्यांना रुचणे शक्यच नव्हते. शिवाय दोनच वर्षांपूर्वी याच प्रकाराविरुद्ध त्यांनी दाद मागितली होती.

निकाल लागला तेव्हा अशोक मेहता विजयी झाले होते आणि डॉ. आंबेडकर ८,३८१ मतांनी मागे पडले होते. त्यांना सुमारे १ लाख ३२ हजार मते मिळाली होती. म्हणजे अनुयायांनी त्यांची साथ सोडली, असे म्हणता येत नाही. ज्या मतदारसंघाने सर्वसाधारण जागेवर काँग्रेसला पराभूत केले, त्यानेच राखीव जागेवर काँग्रेसला निवडून दिले. फेडरेशनचे मत अशोक मेहतांकडे गेले. परंतु उलट दिशेने तेवढी मते आली नाहीत, हाच त्या आकड्यांचा अर्थ.

अन्य कारणे नव्हती असे नाही. नेहरूंची लोकप्रियता अफाट होती, आणि काँग्रेसचे जाळे खेड्यापाड्यांत पसरलेले होते. मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आली होती, आणि तिचे श्रेय सत्ताधारी पक्षाकडे जाणे स्वाभाविक होते. उलटपक्षी, डॉ. आंबेडकरांच्या भाषणांचा रोख नेहरूंच्या नेतृत्वावर आणि परराष्ट्रधोरणावर होता. ती टीका कितीही मर्मभेदी असली तरी धानाच्या बांधावरील शेतकऱ्याला ती आपल्या दैनंदिन विवंचनेशी जोडता येणे कठीण होते. प्रकृतीही त्यांना साथ देत नव्हती.

परंतु मूळ कारण अधिक जुने होते. २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे कराराने अस्पृश्यांना राखीव जागा दिल्या, पण त्या संयुक्त मतदारसंघात दिल्या. त्या करारात प्राथमिक निवडणुकीची एक तरतूद होती: प्रथम केवळ अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडावेत, आणि मग त्या चौघांतून सर्व मतदारांनी एक निवडावा. १९४५-४६ मध्ये अनेक ठिकाणी फेडरेशनचे उमेदवार प्राथमिक फेरीत पुढे राहिले आणि अंतिम फेरीत पडले. प्रांतिक विधिमंडळांत फेडरेशनच्या वाट्याला अवघ्या दोन जागा आल्या, एक बंगालमध्ये व एक मध्यप्रांतात. स्वतंत्र भारतात प्राथमिक फेरी उरली नाही. अंतिम फेरीचे गणित मात्र तेच राहिले. राखीव जागा ज्यांच्यासाठी, ते तेथे अल्पसंख्य. निर्णय इतरांच्या मतांचा. जो उमेदवार बहुसंख्यांना परखड बोल ऐकवितो, त्याच्यापेक्षा सौम्य उमेदवार त्यांना जवळचा वाटावा, यात आश्चर्य ते काय?

ऑगस्ट १९५५ मध्ये फेडरेशनने विधिमंडळांतील राखीव जागाच रद्द कराव्यात असा ठराव केला. त्याचे मर्म या अनुभवात सापडते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि १६ ऑक्टोबरला चांद्यास. तेथील सोहळ्याच्या आयोजनात चांद्याचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे अग्रभागी होते. त्या मैदानावर दुसऱ्या मताची कोणाला गरज नव्हती. प्रत्येकाने स्वतःपुरता निर्णय घ्यावयाचा होता. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर निवर्तले.

दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपले. राखीव जागा आणि संयुक्त मतदान टिकून राहिले. जुन्या भंडारा जिल्ह्यातील आमगावचा भाग आज अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघात आहे. तेथेही उमेदवार एका समाजाचा आणि मतदार सर्व समाजांचे. एका मताने दोन विश्वास कसे संपादन करावयाचे, हा १९५४ चा प्रश्न वैनगंगेच्या दोन्ही काठांवर प्रत्येक निवडणुकीत नव्याने विचारला जातो.