ओव्याचे फूल



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि सनदा उभ्या राहतात. आज मात्र मी आपणांस फडताळातील एका लहानशा बरणीकडे नेणार आहे. एरंडोलात काय किंवा खानदेशातल्या कोणत्याही गावात काय, ओवा नाही असे घर सापडणे कठीण. भज्यांच्या पिठात तो चुरडून घालावा, पोट फुगले तर चिमूटभर मिठाबरोबर चावावा, बाळंतिणीला जेवणानंतर बाळंतशेपेसह द्यावा, ही आपली नित्याची रीत. या दाण्याला केवढा मोठा प्रवास घडला, हे आपण क्वचितच ध्यानात घेतो.

संस्कृतात त्याला यवानी म्हणतात. सोळाव्या शतकातील भावमिश्राने मेथी, अहळीव, कलौंजी आणि ओवा या चार बियांचा एक गट सांगितला आहे. म्हणजे आजीचा बटवा आणि वैद्याची पोथी यांचे येथे एकमत होते.

आता ‘ओव्याचे फूल’ म्हणजे काय? रोपाला येणारे पांढरे फूल नव्हे. ओवा पाण्यात उकळून त्याची वाफ थंड केली की अर्क मिळतो. त्या अर्कावर तेल तरंगते आणि तेलातून पांढरे स्फटिक वेगळे होतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे स्फटिक पुण्याच्या व दख्खनमधील इतर गावांच्या दुकानांत ‘अजवायन का फूल’ या नावाने विकले जात. स्टॉक्स नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने तशी नोंद केली आहे. त्याच सुमारास युरोपात थाइम नावाच्या सुगंधी वनस्पतीतून एक द्रव्य काढून त्याला थायमॉल हे नाव देण्यात आले होते. १८५५-५६ च्या सुमारास इंग्लंडात स्टेनहाउस आणि मुंबईत डॉ. हेन्स या दोघांनी स्वतंत्रपणे तपासून दाखविले की, थायमॉल आणि आपले ओव्याचे फूल ही एकच वस्तू होय. थाइम तुळशीच्या कुळातले, ओवा जिऱ्या-धन्यांच्या कुळातला. परंतु द्रव्य एकच.

पुढे थायमॉलचे महत्त्व फार वाढले. ते जंतुनाशक ठरले. १८८० च्या सुमारास आल्प्स पर्वतातील सेंट गॉटहार्ड बोगद्याचे मजूर रक्तक्षयाने खंगू लागले. कारण निघाले अंकुशकृमी. हा कृमी अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतो व आतड्यात राहून रक्त शोषतो. इटलीतील बोझ्झोलो या वैद्याने त्यावर थायमॉल वापरले. १९०९ साली अमेरिकेत रॉकफेलरने दिलेल्या दहा लाख डॉलरांतून दक्षिणेकडील राज्यांत या रोगाविरुद्ध मोहीम निघाली, तिचेही मुख्य औषध हेच होते. आणि जगाला लागणारे बरेचसे थायमॉल कोठे बनत होते? जर्मनीत. कशापासून? हिंदुस्थानातून जहाजांनी गेलेल्या ओव्यापासून! शंभर किलो दाण्यांतून सुमारे दोन ते चार किलो तेल निघते आणि त्यात साधारण निम्मे थायमॉल असते. दाणा आपला, अर्क काढण्याची कला आपल्यालाही ठाऊक. तरी औषध बाटलीत भरून परदेशातून यावयाचे. १९१४ साली महायुद्ध पेटले, हा व्यापार तुटला आणि जगात थायमॉलचा तुटवडा पडला, तेव्हा कोठे अर्क येथेच काढण्याचा विचार जोराने सुरू झाला.

येथे एक गोष्ट आपल्या गावाच्या दृष्टीने मौजेची आहे. कृमींसाठी थायमॉल दिल्यावर जुलाब देणे अवश्य असे. कोणालाही वाटेल, मग एरंडेल द्यावे. आपल्या गावाच्या नावातच त्या एरंडाचा भास होतो. परंतु डॉक्टर एरंडेलास सक्त मनाई करीत व विलायती मीठ देत. कारण थायमॉल तेलात आणि मद्यात विरघळते, रक्तात भिनते आणि रोग्याच्या जिवावर बेतते. चिमूटभर ओवा पाचक. त्याचेच सत्त्व मोठ्या मात्रेत विष. घरगुती औषध निरुपद्रवीच असते, या समजुतीला याहून चांगले उत्तर कोणते?

आज कृमींवर अल्बेंडाझोलसारखी अधिक निर्धोक औषधे आली आहेत आणि २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना ती गोळी दिली जाते. थायमॉलही आता बहुतांशी रासायनिक कारखान्यांतच तयार होते. तोंड धुण्याच्या औषधांत ते आढळते. बाळ-बाळंतिणीला ओव्याची धुरी देण्याची चाल मात्र सोडणेच बरे, कारण कोणताही धूर कोवळ्या फुफ्फुसांना अपायकारकच.

या साऱ्या कथेत स्टेनहाउस, हेन्स, बोझ्झोलो यांची नावे राहिली. ज्यांनी भट्टी पेटवून प्रथम ते स्फटिक वेचले व दुकानात मांडले, त्यांचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्यांनीही आपली कृती, आपले प्रमाण लिहिले नाही. आपल्या आज्यांचे ज्ञानही असेच तोंडी आहे. त्याचा पोकळ अभिमान बाळगणे सोपे आणि त्याला हसणे त्याहून सोपे. अवघड काम तिसरेच: कशासाठी, किती आणि कोणाला देऊ नये, हे विचारून टिपून ठेवणे, मग ते जाणत्याकडून तपासून घेणे. आज घरी गेल्यावर ती बरणी उघडाल, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या बाईजवळ वही घेऊन घटकाभर बसा, एवढीच माझी विनंती आहे.