दुरुस्ती ज्याची, गाडी त्याची : ‘ईव्ही-१’ची कथा

डिसेंबर १९९६ मध्ये जनरल मोटर्सने कॅलिफोर्निया व ॲरिझोना येथे ‘ईव्ही-१’ ही विजेवर धावणारी मोटार आणली. ती विकत मिळत नसे. केवळ भाडेकरारावर मिळे. देखभालीचा भार करारानेच कंपनीवर होता, आणि ती ‘सॅटर्न’च्या ठरावीक विक्रेत्यांकडेच होई.

भाडेकरूला हे सोयीचेच होते. इंजिन नसल्याने तेल बदलण्याची कटकट नव्हती. सुरुवातीची बॅटरी शिसे-आम्लाची, जड आणि अल्पायुषी. तिची चिंता कंपनीने वाहायची. २००० साली चार्जिंगच्या एका भागातून आग लागण्याचा धोका आढळला, तेव्हा पहिल्या पिढीच्या गाड्या कंपनीने परत मागवल्या. दुरुस्ती करणारा हात आणि गाडी काढून घेणारा हात एकच होता, हे तेव्हा दिसले.

२००३ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. ‘गाडी आम्हांला विका, पुढची दुरुस्ती आमची आम्ही पाहू’, अशी अनेक भाडेकरूंची विनवणी होती. २००५ मध्ये बरबँक येथे उभ्या असलेल्या ७८ गाड्यांसाठी सुमारे १९ लाख डॉलर देऊ केले गेले. कंपनीचे उत्तर ठाम होते : सुटे भाग मिळणार नाहीत, सुरक्षित दुरुस्तीची हमी देता येणार नाही.

एकूण गाड्या जेमतेम अकराशे. तेव्हा सुट्या भागांची अडचण खोटी म्हणवत नाही. पण जबाबदारी स्वतःहून मागणाऱ्यांना ती का नाकारली, याचा उलगडा त्यातून होत नाही.

बहुतेक गाड्या चिरडल्या गेल्या. काही संग्रहालयांना व विद्यापीठांना मिळाल्या, त्याही बहुतांशी चालू न होणाऱ्या अवस्थेत.