इन्शुलिनचे मूल्य आणि किंमत

मधुमेहाचा उपचार आणि रुग्णाची सांपत्तिक स्थिती यांचा संबंध वैद्यकाच्या इतिहासात फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद सांगितले असून, पहिल्या प्रकारचा रोगी कृश व दुसऱ्या प्रकारचा स्थूल असतो, असे निरीक्षण नोंदविले आहे. त्याच प्रकरणात निर्धन रोग्यासाठी निराळी व्यवस्था आढळते. त्याने पादत्राण व छत्री यांवाचून, भिक्षेवर निर्वाह करीत, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजने किंवा त्याहूनही अधिक चालावे, असा तेथे आदेश आहे. स्थूल रोग्याला या चालण्याचा काही लाभ होत असला पाहिजे, हे आज सहज पटते. कृश रोग्याला मात्र तो वाचवू शकत नव्हता. अशा रोग्याला वाचविणारे द्रव्य १९२१-२२ मध्ये हाती आले. त्यानंतर ‘निर्धनाने काय करावे’ हा प्रश्न सुटावयास हवा होता, परंतु तो सुटला नाही. तो का सुटला नाही, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

इन्शुलिनपूर्व काळातील ज्ञान अल्प नव्हते. १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन याने रोग्याच्या मूत्रातील गोडी शर्करेमुळे येते हे सिद्ध केले. १८६९ मध्ये पॉल लँगरहान्स याने स्वादुपिंडातील पेशींची बेटे वर्णिली, आणि १८८९ मध्ये मिन्कोव्स्की व फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकताच त्यास मधुमेह जडतो हे दाखविले. रोगाचे स्थान कळले, पण उपाय सापडला नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन याची उपासचिकित्सा प्रचलित झाली. रोग्याचा आहार इतका घटवावयाचा की मूत्रातील शर्करा नाहीशी व्हावी, हे तिचे तत्त्व होते. तीमुळे मुलांचे आयुष्य काही महिने, क्वचित काही वर्षे वाढे. रक्तशर्करेचे नियंत्रण हे ध्येय असे प्रथम व्यवहारात आले ते उपासमारीच्या रूपाने, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटो विद्यापीठात मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत बँटिंग व बेस्ट यांनी प्रयोगांस आरंभ केला. वर्षअखेर कॉलिप हे रसायनज्ञ त्यांना येऊन मिळाले. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या सार्वजनिक रुग्णालयातील धर्मार्थ विभागात असलेल्या लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलास पहिले अंतःक्षेपण देण्यात आले. अर्क अशुद्ध असल्याने ते निष्फळ ठरले. २३ जानेवारीस कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क दिल्यावर मात्र मूत्रशर्करा झपाट्याने उतरली. थॉम्पसन पुढे १३ वर्षे जगून १९३५ मध्ये मरण पावला. त्याच १९२२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ अवघ्या ४५ पौंड वजनाच्या अवस्थेत बँटिंग यांच्याकडे आली. ती १९८१ पर्यंत जगली. पहिला रोगी धर्मार्थ विभागातील होता, तर सर्वांत प्रसिद्ध रोगी मंत्र्याची कन्या होती. त्या वर्षी इन्शुलिनचा पुरवठा इतका तुटपुंजा होता की कोणास द्यावयाचे व कोणास नाही हा निर्णय वैद्यांना पदोपदी करावा लागे. म्हणजे किंमतीच्या प्रश्नाआधी दुर्मिळतेचा प्रश्न उभा राहिला होता.

या दुर्मिळतेवर उपाय म्हणून घेतलेला निर्णय इतिहासात औदार्याचा नमुना म्हणून सांगितला जातो. वैद्याने औषधातून लाभ मिळवू नये या भावनेने बँटिंग यांनी आरंभी पेटंटच्या अर्जात आपले नाव घालू दिले नव्हते. अखेर १९२३ च्या जानेवारीत बँटिंग, बेस्ट व कॉलिप या तिघांनी आपले हक्क प्रत्येकी १ डॉलरच्या मोबदल्यात टोरांटो विद्यापीठास दिले. पेटंट घेण्यामागील हेतू धनार्जनाचा नव्हता. दुसऱ्या कोणी ते मिळवून मक्तेदारी स्थापू नये आणि निकृष्ट माल बाजारात येऊ नये, एवढाच तो होता. ब्रिटनमधील हक्क तेथील वैद्यकीय संशोधन मंडळास देण्यात आले. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांची पत्नी स्वतः मधुमेही होती. टोरांटोस भेट देऊन त्यांनी स्वदेशात उत्पादन सुरू करविले, आणि त्यातून १९२३ मध्ये नॉर्डिस्क ही प्रयोगशाळा उभी राहिली.

तथापि या औदार्याची मर्यादा त्याच वर्षी दिसू लागली होती. मोठ्या प्रमाणावरील उत्पादन विद्यापीठास न साधल्यामुळे मे १९२२ मध्ये इलाय लिली या कंपनीशी करार करण्यात आला. कंपनीतील जॉर्ज वॉल्डन या रसायनज्ञाने शुद्धीकरणाची अधिक सरस रीत शोधून काढली व कंपनीने त्या रीतीवर स्वतंत्र हक्क मागितला. विद्यापीठ व कंपनी यांत त्यावरून तणाव उत्पन्न झाला. मूळ शोध सार्वजनिक झाला तरी त्यावरील सुधारणा खाजगी होऊ शकते, हे सूत्र या वादात प्रथम प्रकट झाले. इन्शुलिनच्या पुढील शंभर वर्षांच्या अर्थकारणाचे बीज ह्याच सूत्रात आहे.

प्रारंभीची काही दशके हे बीज फारसे वाढले नाही. १९२५ मध्ये इन्शुलिनचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरून एक मिलिग्रॅमची शक्ती ८ एकके मानण्यात आली. त्यामुळे निरनिराळ्या कारखान्यांच्या मालाची तुलना शक्य झाली, आणि उत्पादन वाढले तशी किंमत उतरत गेली. परंतु कच्चा माल कत्तलखान्यांतूनच येत होता. सुमारे ८ औंस शुद्ध इन्शुलिनसाठी दोन टनांहून अधिक स्वादुपिंडे लागत. असा व्यवसाय थोड्याच हातांत राहणे अपरिहार्य होते. १९४१ मध्ये अमेरिकेत लिलीसह तीन कंपन्यांवर संगनमताने किंमती ठरविल्याचा आरोप ठेवण्यात आला व त्यांना दंड झाला. मूळ पेटंटने दिलेले संरक्षण संपत आले असतानाची ही घटना आहे. कायद्याने मक्तेदारी रोखली तरी व्यवहारात ती अन्य रूपाने टिकू शकते, हे तीवरून स्पष्ट होते.

१९३६ मध्ये हॅगेडॉर्न यांनी प्रोटामीनच्या योगाने दीर्घकाल परिणाम करणारे इन्शुलिन सिद्ध केले. १९५५ पर्यंत सँगर यांनी त्याच्या रेणूतील अमिनो आम्लांचा क्रम उलगडला, तर १९६९ मध्ये डोरोथी हॉजकिन यांच्या गटाने त्याची त्रिमितीय रचना निश्चित केली. या गटात पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत नावारूपास आलेले एम. विजयन हेही होते. १९७८ मध्ये जीवाणूंकडून मानवी इन्शुलिन तयार करून घेण्यात यश आले व १९८२ मध्ये ते अमेरिकेत विक्रीस आले. कत्तलखान्याचे बंधन तुटले, त्यामुळे किंमत कोसळेल अशी अपेक्षा अस्वाभाविक नव्हती. घडले ते वेगळेच. १९९६ मध्ये रेणूत फेरफार केलेले लिस्प्रो हे नवे इन्शुलिन अमेरिकेत कुपीस सुमारे २१ डॉलर या दराने आले. २०१९ पर्यंत त्याच कुपीची छापील किंमत सुमारे २७५ डॉलर झाली होती. या अवधीत जुने प्राणिज इन्शुलिन तेथील बाजारातून नाहीसे झाले. प्रत्येक सुधारणेबरोबर नवा हक्क उत्पन्न झाला आणि आदली स्वस्त पायरी मागून काढून घेतली गेली.

येथे कारखानदारांच्या लोभाकडे बोट दाखवून थांबणे इतिहासदृष्ट्या अपुरे होईल, कारण ‘नियंत्रण’ या शब्दाचा अर्थही याच काळात पालटला. पूर्वी रोगी बेनेडिक्टच्या द्रावणात मूत्र उकळून रंग पाही. १९६० नंतरच्या दशकात रक्ताच्या थेंबावर चालणाऱ्या पट्ट्या व १९७० च्या सुमारास मापकयंत्र आले. पुढे शर्करायुक्त हिमोग्लोबिनवरून मागील दोन-तीन महिन्यांचे नियंत्रण मोजता येऊ लागले. १९९३ मध्ये अमेरिका व कॅनडा येथील १४४१ इन्शुलिनावलंबी रोग्यांवरील दीर्घ प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तशर्करा काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यास नेत्रपटलाचा विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो, असे त्यात आढळले. मात्र शर्करा धोकादायक रीतीने उतरण्याचे प्रसंगही सुमारे तिपटीने वाढले. दिवसातून तीन-चार अंतःक्षेपणे व तितक्याच तपासण्या हा आदर्श त्यानंतर रूढ झाला. हा आदर्श शास्त्रसिद्ध आहे, यात शंका नाही. पण तो खर्चिकही आहे. कुपीची किंमत स्थिर राहिली असती, तरी नियंत्रणाची किंमत वाढलीच असती.

भारताचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. २००३ मध्ये मुंबईच्या वोक्हार्टने व २००४ मध्ये बंगळूरच्या बायोकॉनने स्वदेशी मानवी इन्शुलिन बाजारात आणले. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत त्याचा समावेश असल्याने त्याच्या किंमतीवर शासकीय मर्यादा आहे, व २०२२ च्या सूचीत ग्लार्जिन या दीर्घकालीन इन्शुलिनचाही अंतर्भाव झाला. त्यामुळे येथील कुपी अमेरिकेतील कुपीच्या मानाने फार स्वस्त आहे. तथापि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लक्ष आहेत. ज्यांस इन्शुलिन लागते अशा रोजंदारीवरील कुटुंबास कुपी परवडली, तरी पट्ट्या, सुया, तपासण्या आणि शीतपेटी हा खर्च उरतोच. किंमतीचे नियंत्रण आणि शर्करेचे नियंत्रण ही एकच गोष्ट नव्हे.

अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने वृद्धांसाठी मासिक खर्चाची मर्यादा ३५ डॉलर ठरली. मार्च २०२३ मध्ये लिलीने आपल्या प्रमुख इन्शुलिनांच्या छापील किंमती ७० टक्क्यांनी उतरविण्याचे घोषित केले व इतर दोन मोठ्या कंपन्यांनी त्याच महिन्यात तिचे अनुकरण केले. विद्यापीठाच्या पेटंटास शंभर वर्षे होत असताना हे घडले. टोरांटोच्या संशोधकांनी एका द्रव्यावरील मालकी समाजास दिली. त्या द्रव्यात होणाऱ्या सुधारणा आणि ते वापरण्यास लागणारी साधने समाजाच्या हाती राहतील अशी तरतूद मात्र त्यांच्या निर्णयात नव्हती, आणि १९२३ मध्ये ती असण्याचा संभवही थोडा होता. सुश्रुताच्या निर्धन रोग्याजवळ उपायच नव्हता, म्हणून तो चालत होता. आजच्या निर्धन रोग्यासाठी उपाय आहे. तो त्याच्यापर्यंत किती पोहोचतो, हे ठरविणारी शक्ती आता वैद्यकाच्या बाहेर आहे.