बाद ठरलेली हार्डडिस्क परत आणताना

घरातील छायाचित्रे, चित्रफिती, गाणी आणि हिशेबाच्या फायली एकाच जागी राहाव्यात म्हणून अनेक कुटुंबे छोटा स्टोअरेज सर्व्हर बाळगतात. चार-पाच हार्डडिस्क सामावणारी ही पेटी वर्षानुवर्षे कोपऱ्यात घरघरत असते आणि तिच्याकडे कुणाचे फारसे लक्षही जात नाही. मग एके दिवशी तिच्यावरील दिवा लाल होतो आणि पडद्यावर एका डिस्कपुढे ‘डिसेबल्ड’ असा शेरा उमटतो. बारशापासूनचे सारे फोटो गेले, अशा समजुतीने धावपळ सुरू होते. वास्तविक त्या क्षणी बहुधा काहीच गेलेले नसते. जाते ते पुढच्या तासाभराच्या घाईत.

पॅरिटीचे गणित

अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून एक भरवशाचे साठवणस्थान उभारण्याची ‘रेड’ ही कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये शोधनिबंधाद्वारे मांडली. तिच्यातील पॅरिटीचे तत्त्व साधे आहे. तीन डिस्कवर एकाच जागी १, ० आणि १ हे अंक असतील, तर एकांची संख्या सम असल्याने पॅरिटी डिस्कवर ० लिहिला जातो. मधली डिस्क बंद पडली तरी उरलेल्या अंकांवरून तिथे ० होता हे काढता येते. डिस्क बाद झाल्यावरही फायली उघडतात, त्या याच गणितामुळे.

डिस्क बाद होणे म्हणजे ती मेली असे नव्हे. सर्व्हरने काही लिहावयास सांगितले आणि ते पूर्ण झाले नाही, एवढाच त्याचा अर्थ. सैल झालेली केबल, कमकुवत वीजपुरवठा किंवा गंजलेला जोड, यांपैकी काहीही त्यास पुरेसे ठरते. साध्या संगणकासाठी बनविलेली डिस्क वापरली असेल तर आणखी एक भानगड असते. अवघड सेक्टर वाचण्यासाठी अशी डिस्क मिनिटभर वा त्याहून अधिक काळ झगडत राहू शकते. लिनक्स मात्र सामान्यतः ३० सेकंदच वाट पाहते. सर्व्हरसाठीच्या डिस्क सुमारे ७ सेकंदांत हार मानून तसे कळवितात, त्यामुळे त्या गटातून बाहेर फेकल्या जात नाहीत.

खरा दोष कुठे आहे हे डिस्कमधील ‘स्मार्ट’ नोंदींवरून बरेचसे कळते. त्यातील ५ व १९७ या क्रमांकांपुढील कच्चे आकडे वाढत असतील तर डिस्कचा पृष्ठभागच खराब होत आहे असे समजावे. ते शून्य असून १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल, तर संशय केबलवर घ्यावा. हा आकडा केबल बदलल्यावरही शून्यावर येत नाही. तो वाढायचा थांबला की नाही, एवढेच पाहायचे.

थेट परत जोडू नये

केबल बदलली, डिस्क ठणठणीत निघाली, तरी ती तशीच गटात घेता येत नाही. ती बाहेर असताना सर्व्हरवर झालेले बदल तिच्यावर नसतात. ती शिळी झालेली असते. म्हणूनच ‘अनरेड’सारख्या प्रणालीत गट थांबवून डिस्कची नेमणूक काढावी लागते, तिच्याविना गट सुरू करून पुन्हा थांबवावा लागतो आणि मगच ती नव्याने नेमून पुनर्बांधणी करता येते.

येथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. पुनर्बांधणीत डिस्कवर नेमके तेच लिहिले जाते, जे त्या घडीला पॅरिटीच्या हिशेबाने दिसत असते. म्हणून आधी त्या डिस्कवरील फायली उघडून पाहाव्यात. तेथे गोंधळ असेल तर तोच गोंधळ जुन्या डिस्कवरील चांगल्या मजकुरावर उमटेल. ऐपत असल्यास पुनर्बांधणी नव्या डिस्कवर करावी आणि जुनी, क्रमांकाची चिठ्ठी लावून, कपाटात ठेवावी. पडद्यावर ‘फॉरमॅट करू का?’ असा प्रश्न आला तर उत्तर नाही हेच. पॅरिटीने तो बदलही टिपला की परतीची वाट जवळजवळ बंद होते.

त्याआधी दोन कामे करावीत. सर्व्हरवर नवे काही लिहिणे थांबवावे आणि ज्याची दुसरी प्रत नाही असा मजकूर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावा. डिस्क काढताना तिचा अनुक्रमांक ताडून पाहावा. एकच पॅरिटी असताना चुकून भलतीच डिस्क ओढली, तर एका बिघाडाचे दोन होतात.

पुनर्बांधणी हाच खरा कसोटीचा काळ. ८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला सरासरी १५० मेगाबाइट वेगाने भरावयाची तर सुमारे १५ तास लागतात आणि तेवढा वेळ बाकीच्या, बहुधा तितक्याच जुन्या, डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचल्या जातात. या काळात वीज जाऊ नये म्हणून यूपीएस हवाच. नवी डिस्क कोणत्या पद्धतीने लिहिते हेही पाहावे. ‘वेस्टर्न डिजिटल’च्या ‘रेड’ मालिकेतील काही डिस्क एकमेकांवर चढणाऱ्या पट्ट्यांच्या पद्धतीने लिहितात, हे २०२० मध्ये उघड झाले. अशा डिस्कवर पुनर्बांधणी अतिशय मंदावते, क्वचित अर्धवट तुटते.

दुसरी डिस्कही गेली तर सर्व्हर बंद करणेच श्रेयस्कर. ‘रेड-५’मध्ये मजकूर सर्व डिस्कवर विखुरलेला असल्याने सारेच अडते, ‘अनरेड’मध्ये शाबूत डिस्कवरील फायली स्वतंत्रपणे वाचता येतात. वाचनात अडखळणाऱ्या डिस्कची प्रत ‘डीडीरेस्क्यू’ या मोफत साधनाने काढता येते. ते आधी सोपे भाग उचलून अवघड जागा शेवटी हाताळते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र तिला पुन्हा वीजही देऊ नये, ते काम धूळमुक्त प्रयोगशाळेचे. ती फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना सल्ला अजून कानी येतो. आत दव साचून उरलेसुरले हाती लागणेही दुरापास्त होते.

पुनर्बांधणी आटोपल्यावर पॅरिटीची पूर्ण तपासणी चालवावी. चुकांचा आकडा शून्य आला की कपाटातील जुनी डिस्क मोकळी करायला हरकत नाही.