तळटीप १४ : ‘नळ्यांचा टायटॅनियम’
१४. ‘नळ्यांचा टायटॅनियम’ म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचा दाताचा इम्प्लांट. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतो, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवरील प्रयोगांत दिसले. माणसात वापर १९६५ पासून. धातू बसताच मॅक्रोफेज या भक्षक पेशी त्यावर चिकटतात. विजेच्या प्रक्रियेने पृष्ठभागावर जेमतेम दहा-वीस ते शंभर नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) रुंद नळ्या उठवल्या, तर या पेशी प्रयोगशाळेत अनेकदा दाहकारक रसायने कमी सोडतात आणि दुरुस्तीकडे वळतात. नळीचा व्यास बदलला की परिणामही बदलतो. मूळ मजकुरातील ‘सूज येतच नाही’ ही लेखकाची अतिशयोक्ती. हाड भरून यायला सुरुवातीचा थोडा दाह लागतोच.